ओढ्याचा रंग

बारावीचा सीट नंबर केव्हाच विसरले, पण ४७ एफ/१४ अजून पाठ आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा हा स्थलनिर्देशक नकाशा, दोन सेंटिमीटरात एक किलोमीटर बसवणारा. चिंचवड, पिंपरी, निगडी सगळं त्यात. चाकण मात्र वरच्या ४७ एफ/१३ मध्ये, त्यामुळे आमच्या वर्गाच्या लेखी चाकण परगावच.

२००३ साली नववीत त्यावरून उठावाची प्रतिकृती करायची होती. बाबांनी कंपनीतून खोक्यांचे पुठ्ठे आणले. समोच्च रेषा गिरवायची, पुठ्ठा कापायचा, खालच्या थरावर चिकटवायचा. एक थर वीस मीटरचा. चिंचवड इतकं सपाट की थर चढेचनात. सगळी हौस निगडीच्या दुर्गा टेकडीवर भागवली. आईने खळ शिजवून दिली होती, म्हणून पुढे माळ्यावर उंदरांनी आधी टेकडीच खाल्ली.

मग रंग. पवना निळी केली आणि घरामागचा ओढाही निळा. भूगोलाच्या बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"नकाशात काळी रेघ आहे ना? काळी म्हणजे कोरडा ओढा. पावसाळ्यापुरता."

"पण बाई, उन्हाळ्यातही पाणी असतं त्यात."

"नकाशात आहे तेच काढायचं."

दोन गुण गेले. निळ्यावर काळा स्केचपेन फिरवला.

बाईंच्या नियमात चूक नव्हती. मोजणी झाली तेव्हा ओढा पावसाळ्यानंतर आटतच असणार. त्याला बारमाही कुणी केलं, हे मला फार उशिरा कळलं. १९७२ च्या पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथे उचलून शुद्ध करून आमच्या नळाला. नळातून मोरीत, आणि गटाराच्या वाटेने त्यातलं काही ओढ्यात. म्हणजे ओढ्याचा झरा आमच्या ओट्याखाली!

हे सगळं मला बारावीत कळायला हवं होतं, कारण माझ्या पर्यावरण प्रकल्पाचा विषयच 'पवनेचे प्रदूषण' होता. प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष. निरीक्षणे मी पलंगावर लोळत, मैत्रिणीच्या ताईच्या फाइलमधून उतरवली. नदी घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होती. यावेळी एकही गुण गेला नाही.

यंदा भाची बारावीला. माझ्या प्रायश्चित्ताची संधी म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी तिला मोरया गोसावींच्या घाटावर नेलं. पात्रावर जलपर्णीची हिरवी गादी. पाणी दिसायला वाकून बघावं लागलं. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते. भाचीने एक रोप मुळांसकट ओढलं, फोटो काढला, हात जीन्सला पुसले.

येताना ओढ्याकडे वळलो. आता दोन सिमेंटच्या भिंतींमधून जातो तो. तिने नाकाला ओढणी लावली आणि वहीत लिहिलं: पाऊस नाही. पाणी घोटाभर. वाहतं.

"मावशी, हे येतं कुठून?"

वर आमच्याच सोसायटीच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या होत्या. कुणाच्या तरी कुकरची तिसरी शिट्टी होत होती.