येवल्याची मुनिया

मनमाडहून दौंडकडे जाणारी आगगाडी अनकाई-टनकाईच्या जोडकिल्ल्यांजवळून पुढें सरकली, कीं थोड्याच वेळांत येवलें येतें. गांव नाशिक जिल्ह्यांतलें, पण नांवलौकिक दूरवरचा. तात्या टोपे यांचें हें जन्मस्थान. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली तीहि येथेंच. संक्रांतीस येथील आकाश तीन दिवस पतंगांनीं भरून जातें. परंतु आमचें जाणें झालें तें ह्यांपैकीं कशासाठींहि नव्हे.

माझ्या पुतण्याचें लग्न होऊन चार महिने झाले होते. एके दिवशीं तो म्हणाला, "काका, तुम्हांला येवलें दाखवून आणतों." सेवानिवृत्त शिक्षकास कोणी कोठें नेऊं म्हटल्यास तो कारण विचारीत नाहीं. मात्र सूनबाईंनींहि ऐन वेळीं "मीहि येतें" म्हणून पिशवी उचलली, तेव्हां चिरंजिवांचा चेहरा उतरलेला मला दिसला.

मनमाडास गाडी बदलावयाची होती. चिरंजीव चहा आणावयास गेले. सूनबाई सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या एकदम म्हणाल्या, "काका, आपल्या नात्यांत मुनिया नांवाची कोणी आहे का?"

"मुनिया? नाहीं बुवा," मी म्हणालों. "आपल्या गोत्रांत मुनि पुष्कळ होऊन गेले, पण मुनिया कोणी ऐकिवांत नाहीं."

त्यांनीं पिशवींतून एक लहानशी वही काढून माझ्या हातीं दिली. अक्षर चिरंजिवांचें, मींच लहानपणीं गिरवून घेतलेलें. तेव्हां शंकेस जागाच नव्हती. 'मुनिया फारच मोहक. दहा हजार आज दिले. उरलेले पुढच्या भेटींत. घरीं इतक्यांत कळूं नये, विशेषतः हिला.'

खंडिता नायिकेचें लक्षण मीं आयुष्यभर वाचलें. लक्ष्य त्या दिवशीं प्रथमच फलाटावर समोर बसलेलें पाहिलें, आणि खरें सांगतों, त्यांत काव्य कांहींच नव्हतें. पोरीचे ओठ थरथरत होते. मला दोन वाक्यें सुचलीं, तीं दोन्हीं निरुपयोगी वाटलीं. तेवढ्यांत चहा आला. तो तिनें घेतला नाहीं.

येवल्याच्या गल्ल्यांतून चालूं लागलें कीं घराघरांतून मागांचा खटखट आवाज येतो. रघोजी नाईकांनीं पैठणचे विणकर आणून येथें वसविले असें सांगतात. आज रेशीम येतें बंगळुराकडून, जर सुरतेहून, आणि २०१० सालीं पैठणीस भौगोलिक निर्देशनाची नोंदहि मिळाली; पण विणणें अद्यापि हाताचेंच. ज्या घरीं आम्ही गेलों तेथें ओसरीलगतच माग होता. एक तरुण विणकर पदर विणीत होता. निरनिराळ्या रंगांच्या रेशमाच्या पंचवीस-तीस कांड्या समोर लोंबत होत्या. ताण्याचे धागे मोजावयाचे, एक कांडी त्यांतून काढावयाची, शेजारच्या रंगाच्या धाग्यांत अडकवावयाची, कीं पुन्हां मोजणें. त्यामुळें नक्षी उलट बाजूनेंहि सुलटच दिसते. मी घटकाभर पाहत उभा राहिलों, तेवढ्या वेळांत मोराची मान बोटभरहि पुढें गेली नाहीं. भरजरी पदर असेल तर कित्येक महिने लागतात. व्याकरण शिकविणाराला ह्या कामाबद्दल आदर न वाटेल तरच नवल.

आंतून एक वृद्ध गृहस्थ आले व चिरंजिवांस पाहून हर्षानें म्हणाले, "या साहेब! तुमची मुनिया राखून ठेवली आहे. पुष्कळांचा तिच्यावर डोळा होता. बाहेर आणूं का?"

"आणा," सूनबाई दारांतूनच कडाडल्या. "मलाहि एकदां पाहूं द्या तिला!"

वृद्धांनीं पांढऱ्या फडक्यांतून एक लाल पैठणी काढून पसरली. कांठावर पानासारख्या हिरव्या, लाल चोचीच्या पांखरांची ओळ. "हीच मुनिया, बाईसाहेब. काठाचें नांव आहे हें."

मला हसूं आवरेना. सूनबाईंचा चेहरा त्या चोचीसारखा झाला. पण क्षणभरच. "मग 'विशेषतः हिला' तें कां?" त्यांनीं विचारलें.

चिरंजीव बराच वेळ कांठाशीं चाळा करीत राहिले. मग म्हणाले, "ही वहिनीसाठीं आहे. पहिली पैठणी तुला घेतली नाहीं, म्हणून तुला वाईट वाटेल असें वाटलें."

मग सारें बाहेर आलें. थोरल्या सूनबाईंपाशीं आजीची पैठणी होती. जुना जर खऱ्या चांदीचा. चिरंजिवांच्या कॉलेजाची फी भरावयाची होती तेव्हां त्या माउलीनें ती जाळून निघालेली चांदी सराफास दिली आणि घरांत सांगितलें कीं उंदरांनीं कुरतडली. खरें कारण चिरंजिवांस गेल्या दिवाळींत थोरल्या भावाकडून कळलें. मला तर तें त्या ओसरीवरच कळत होतें. मींहि त्या वेळीं उंदरांस चार शब्द सुनावले होते.

सूनबाई पैठणीवरून हात फिरवीत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, पण त्यांची लाल कोठें होती? जांभळी होती. धूपछांव. उन्हांत धरली कीं लाल मारायची. मला त्यांनीं दहा वेळां सांगितलें आहे."

"तुला?"

"दुपारीं निवडणें घेऊन बसतों तेव्हां आणखी काय बोलतों आम्ही?"

वृद्ध विणकर हसले. लाल पैठणीस गिऱ्हाईक कधींहि मिळेल, दिलेले दहा हजार जांभळीकडे लावूं, पण माग रिकामा होऊन ती उतरेपर्यंत चार महिने थांबावें लागेल, असें त्यांनीं सांगितलें. काठ मात्र मुनियेचाच ठेवावा, ह्यावर नवराबायकोंचें एकमत झालें. त्या दिवसांतील तें पहिलेंच.

परतीच्या गाडींत सूनबाईंनीं वही उघडली, मुनियेच्या नोंदीखालीं 'जांभळी, धूपछांव' असें लिहिलें, आणि मग ती परत न देतां मागचीं पानें पहिल्यापासून वाचावयास घेतलीं. मनमाडास गाडी बराच वेळ थांबली. चिरंजीव चहा आणावयास उतरले नाहींत.