टक टक टक... व्हाया आंबोली!

इंजिनातून येणारा एक अनोळखी आवाज, गॅरेजवाल्याने सुनावलेली 'इंजिन उघडा'ची शिक्षा आणि पंचवीस वर्षांची एक देशी स्पोर्ट्स कार. पुणे ते म्हापसा, आवाजाच्या मागावर केलेल्या वीकएंडची ही गोष्ट.

गाडीच्या आवाजाचा एक हमखास नियम आहे. तो मेकॅनिकसमोर कधीच येत नाही. डेंटिस्टच्या खुर्चीत बसलं की दाढ दुखायची थांबते ना, अगदी तस्संच! आठवडाभर ऑफिसला जाता-येता डोकं उठवणारी ती टकटक गॅरेजच्या दारात पोचली की गुडूप. मग आपण तोंडाने आवाज काढून दाखवतो. 'टिक टिक नाही हो, टक टक... मध्येच थोडं ठक.' मेकॅनिक शांतपणे हात पुसतो आणि म्हणतो, 'सोडून जा, बघतो.'

माझ्या मित्राला मात्र 'बघतो' हे उत्तरही मिळालं नाही. त्याला थेट निकाल मिळाला. 'बेअरिंग गेलंय. इंजिन उघडावं लागेल. ८० हजार धरून चाला, पार्ट मिळाले तर.'

त्यातलं शेवटचं 'मिळाले तर' जास्त खतरनाक होतं. कारण गाडी होती सॅन स्टॉर्म.

कुठली इम्पोर्टेड, साहेब?

सॅन स्टॉर्म आठवतेय? नसेल तर तुमचा दोष नाही, रस्त्यावर दिसल्याच मोजक्या. नाइन्टीजच्या शेवटी गोव्यात तयार झालेली ही टू-सीटर कन्व्हर्टिबल. फायबरग्लासची बॉडी, आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद ६० बीएचपी. आजची एखादी साधी फॅमिली हॅचबॅकसुद्धा तिला आकड्यांत सहज मागे टाकेल. पण छप्पर उघडून एफसी रोडवरून निघा आणि मग बघा! सिग्नलला शेजारचा रिक्षावाला विचारणारच, 'कुठली इम्पोर्टेड, साहेब?' 'गोव्याची' म्हटलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मित्राने ती २००८ मध्ये सेकंड हँड घेतली, पहिल्या बोनसमधून. तेव्हा तो एकटा होता. आता घराचा हप्ता आहे, मुलीची शाळा आहे आणि पार्किंग एकच. त्यात रजिस्ट्रेशन संपत आलेलं. पेट्रोल गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २००० सालच्या या गाडीची तिसरी खेप डिसेंबर २०२५ मध्ये होती. इंजिन खरंच गेलं असेल तर नूतनीकरण करण्यात अर्थ नव्हता. भंगारवाल्याचा फोनही येऊन गेला होता.

'एकदा गोव्याला नेऊन आणू,' नोव्हेंबरात मित्र म्हणाला. 'माहेरी. मग काय ते ठरवतो.'

निघण्याआधी दुसऱ्या एका मेकॅनिककडून दोन गोष्टी करून घेतल्या. ऑइल बदललं आणि जुनं ऑइल पांढऱ्या कपड्यातून गाळून बघितलं. धातूचा चुरा नव्हता. मग गेज लावून ऑइल प्रेशर बघितलं. ते ठीक होतं. म्हणजे जायला हरकत नव्हती. अट एकच, ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद आणि टो व्हॅनला फोन.

कात्रजचा आरसा

कोणत्याही आवाजाबद्दल पहिला प्रश्न असा, की तो इंजिनाचा आहे की चाकांचा? उत्तर मिळालं कात्रजच्या नव्या बोगद्यात.

बोगदा म्हणजे आवाजाचा आरसा. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्यात विरून जाणारा आवाज भिंतीवर आपटून आपल्याच कानावर परत येतो. त्यात आमचं छप्पर उघडं! मित्राने स्पीड ६० वर धरून चौथा गिअर बदलून तिसरा टाकला. चाकं तेवढ्याच वेगाने फिरत होती, इंजिन मात्र जोरात. टकटकही जोरात! चाकाचा बेअरिंग असता तर त्याला गिअरशी काही देणंघेणं नसतं. म्हणजे चोर बॉनेटखालीच होता.

मित्राचा चेहरा पडला. चाकाचा बेअरिंग निघाला असता तर काम स्वस्तात सुटलं असतं.

खंबाटकीची चढण

पुढची परीक्षा खंबाटकी घाटात. आवाज ऐकायला चढासारखी जागा नाही. इंजिनावर भार येतो आणि लपलेलं सगळं बाहेर पडतं.

आणि पडलंच. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ठक-ठक-ठक, पाय उचलला की जवळजवळ शांत. भारावर वाढणारा आवाज म्हटलं की दोन संशयित आठवतात. एक पिंगिंग, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नको तेव्हा पेटणं. डब्यात खडे हलवल्यासारखा तो आवाज कमी आरपीएमवर जास्त येतो आणि खालचा गिअर टाकला की बहुधा थांबतो. आमचा थांबला नाही. दुसरा संशयित कनेक्टिंग रॉडचा बेअरिंग. पुण्याच्या गॅरेजवाल्याने ज्याचं नाव घेतलं होतं, तोच.

घाटमाथ्यावर चहा घेतला. मित्राने त्याचा कप अर्धाच संपवला.

कोल्हापूरपर्यंत गायब

पण मग साताऱ्यानंतर गंमत झाली. कराड येईपर्यंत आवाज बराच बसला होता आणि कोल्हापुरात मिसळीसाठी थांबलो तेव्हा कान देऊनही नीट ऐकू येईना. मित्र खूश. 'गेला रे!' म्हणत त्याने एक्स्ट्रा कट मागवला.

आवाज गेला नव्हता, पण त्याने स्वतःबद्दल एक मोठी गोष्ट सांगून टाकली होती. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं. झिजलेल्या बेअरिंगला तेव्हा आधार कमी मिळतो आणि तो जास्त ओरडतो. आमचा पाहुणा नेमका उलटा वागत होता. थंडीत जोरात आणि गरम झाल्यावर गप्प. २३० किलोमीटर धावल्यावर जो बेअरिंग शांत होतो, तो बेअरिंग असण्याची शक्यता कमीच.

आता हवी होती थंडगार पहाट आणि पूर्ण शांतता. म्हणजे आंबोली!

पहाटेचे दहा सेकंद

कागल, निपाणी मागे टाकून संकेश्वरला हायवे सोडला की गडहिंग्लज, आजरा. हवेतला फरक इथूनच कळायला लागतो. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्यायला विसरू नका, घरचे खूश होतील. अंधार पडता पडता आंबोली.

पावसाळ्यातली आंबोली सगळ्यांना माहीत आहे. धबधबा, धुकं, मक्याची कणसं आणि गाड्यांची रांग. नोव्हेंबरातली आंबोली वेगळीच. समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर, गारठलेली, जवळजवळ रिकामी. हिरण्यकेशीच्या उगमाशी मंदिराच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदवली गेली, 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. बोटभर माशासाठी एक अख्खी जागा राखली गेली. मित्र कुंडाकडे बघत म्हणाला, 'मोजकेच उरलेत म्हणून जपतायत ना?' तो माशाबद्दल बोलत नव्हता, हे उघड होतं.

सकाळी सहाला लॉजच्या आवारात गाडी सुरू केली. रात्रभर गारठलेलं इंजिन आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. टक टक टक टक! आवाज इतका स्पष्ट, की लॉजचे मालक स्वेटर घालत बाहेर आले.

आता खरा फंडा. मोबाइलवर दहा सेकंद रेकॉर्ड केलं आणि अ‍ॅपवर हळू करून ठोके मोजले. टॅकोमीटर ९०० दाखवत होता, म्हणजे क्रँकशाफ्टचे सेकंदाला १५ फेरे, दहा सेकंदांत १५०. ठोके भरले ७५च्या आसपास. बरोब्बर निम्मे!

हे निम्मं का महत्त्वाचं? फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. रॉडचा बेअरिंग साधारणपणे क्रँकच्या तालावर ठोकतो. निम्म्या तालावर चालतात ती वरची मंडळी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि टॅपेट. आणि हो, प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा धूरसुद्धा! तोही दोन फेऱ्यांत एकदाच सुटतो.

म्हणजे संशय खालून वर सरकला. इंजिनाच्या पोटातून डोक्याकडे. मित्राने तीनदा मोजून घेतलं. मग गरम पोहे मागवले आणि संपवलेसुद्धा.

'इंजिनाक कांयच जावंक ना'

आंबोली घाट उतरून तीसेक किलोमीटरवर सावंतवाडी. मोती तलावाला एक चक्कर, चितारआळीत मुलीसाठी लाकडी खेळणी आणि बांद्यावरून गोवा. म्हापशाला पोचलो तो शुक्रवार नव्हता, त्यामुळे तिथला प्रसिद्ध बाजार हुकला. पण आम्हाला हवे होते एक मेकॅनिक काका, ज्यांनी उमेदीच्या काळात या गाड्यांवर काम केलं होतं.

काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर थाप दिली. मग आमचं ऐकून घेतलं. थंडीत जास्त, चढावर जास्त, गरम झाल्यावर कमी, ताल निम्मा. 'बरें,' म्हणाले. स्कॅनर नाही, लॅपटॉप नाही. त्यांनी दोन हात लांबीचा रबरी पाइप काढला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून फिरवायला लागले. व्हॉल्व्ह कव्हरपाशी मान हलवली, नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथे थांबले. पाइप मित्राच्या कानाला दिला.

फुस-फुस-फुस! आत कुणीतरी दातांतून हवा सोडत होतं.

टॉर्च मारली. जोडाच्या कडेला नखभर काळी काजळी. एक स्टड गंजून तुटलेला, त्याच्या बाजूचं गॅस्केट फुंकलेलं. थंड असताना फट उघडी, म्हणून धुराचा प्रत्येक झोत 'टक' करून बाहेर. धातू तापून फुगला की फट मिटते, आवाज बसतो. चढावर झोत जोराचा, म्हणून ठक. सगळ्या खुणा एका जागी जुळल्या.

'इंजिनाक कांयच जावंक ना,' काका म्हणाले. इंजिनाला काहीच झालेलं नाही.

तयार गॅस्केट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. काकांनी शीट आणून जुन्याच्या मापाने नवं कापलं. तुटलेला स्टड काढायलाच दोन तास गेले, मजुरी खरी त्याची. बिल १,८०० रुपये.

मित्राने इंजिन सुरू केलं. आम्ही तिघंही वाकून ऐकत राहिलो. ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. त्याने भंगारवाल्याचा नंबर तिथेच उभ्या उभ्या डिलीट केला. डिसेंबरात नूतनीकरण झालं, आता गाडी २०३० पर्यंत रस्त्यावर आहे. मुलगी म्हणते, तेव्हा मी पुढे बसणार. तिला सांगून झालंय, या गाडीला मागे नाहीच!

तुमच्या गाडीचा आवाज ऐकताना...

- आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी बदलतो ते लिहून ठेवा. थंड की गरम, चढ की सपाट, गिअर की स्पीड. मेकॅनिकला तोंडाने काढलेल्या आवाजापेक्षा ही चार वाक्यं जास्त उपयोगी पडतात.
- ऑइलचा दिवा लागला किंवा जड ठोका गरम इंजिनावर वाढत गेला, तर ट्रिप कॅन्सल. गाडी जागेवरच बंद करा.
- एक्झॉस्ट गळत असेल तर काचा बंद करून फिरू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दुरुस्ती लवकर करा.
- इंजिन उघडायचा सल्ला मिळाला तर आधी दुसरं मत घ्या. ऑइल प्रेशरची तपासणी आणि रबरी पाइप, दोन्ही स्वस्त आहेत.
- आंबोलीला आवाज ऐकायला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात तिथे धबधब्यापुढे तुमच्या इंजिनाचं कोण ऐकणार, बॉस?