गोदावरीच्या मुखाशी, लेसच्या गावी

त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी आपली गोदामाई समुद्राला मिळते कुठे, पाहिले आहे का तुम्ही? तिची वसिष्ठा नावाची शाखा आंध्रातल्या अंतर्वेदीला सागराला भेटते, आणि जवळच काठावर आहे नरसापूर. नाशिक जिल्ह्यातल्या नगरसोलहून थेट तिथवर आगगाडी जाते. अंतर्वेदीच्या नरसिंहाला निघालेली मंडळी इथूनच नदी ओलांडतात. भगिनींनो, तुम्ही मात्र ओलांडण्याआधी जरा थांबा. हे लेसचे गाव आहे.

इथल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका क्रोशाने लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला शिकवली, ती घराघरांत रुजली. साखळी, खांब, मुका खांब, सगळे आपल्याही ओळखीचे. दलाल दोरा देतो, नमुना सांगतो आणि नगावर पैसे मोजतो. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली या बायकांवर पुस्तकच लिहिले. तासन्‌तास राबणाऱ्या या बायकांना 'गृहिणी' म्हटले, त्यांच्या कामाला फावल्या वेळचे ठरवले, म्हणून मजुरी इतकी थोडी, असे त्यांचे म्हणणे. (फावला वेळ म्हणे! तो कोणत्या घरात असतो?) २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण यंत्राच्या स्वस्त लेसशी गाठ आहेच. हातची म्हणून यंत्राची लेस घेतली, तर पैसे तुमचेही जातात आणि विणणारीचेही.

म्हणून आधी दोरा ओळखायला शिका. नरसापूरची लेस परंपरेने सुती दोऱ्याची. नुसत्या चकाकीवर जाऊ नका. मर्सराइज्ड सुती दोराही रेशमासारखा चमकतो. दुकानात काडी ओढायची नाही हं! नमुन्याचा सुटा दोरा मागून घ्या आणि मुक्कामी येऊन बघा. दोन बोटे दोरा चिमट्यात धरायचा, खाली स्टीलची ताटली, नि हळूच मेणबत्तीजवळ न्यायचा. नायलॉनची साडी नेसून हा उद्योग नको, पोरांनाही लांब ठेवा. वितळलेला थेंब बोटाला चिकटला की चांगलेच भाजते.

सूत भुरुभुरु जळते, जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे मऊ करडी राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास. ज्योत दूर नेली की ते बहुधा आपणहून विझते, आणि उरलेला काळा गोळा चिमटीत चुरतो. नायलॉन, पॉलिएस्टर आधी आक्रसतात, मग वितळतात, आणि निवल्यावर टणक मणी होतो, तो काही चुरत नाही.

फसवतो तो रेयॉन. त्यालाही कागदाचाच वास. अशा वेळी दोऱ्याच्या मधोमध पाण्याचा थेंब लावून ओढा. रेयॉन ओल्या जागी चटकन तुटतो. सूत ओले झाले की उलट बळकट होते.

आणखी एक. यंत्राच्या लेसमध्ये पुष्कळदा जाळी नायलॉनची नि वरची वेलबुट्टी रेयॉनची असते. तेव्हा जाळीचा, फुलाचा आणि कडेचा दोरा निरनिराळा तपासा.

मात्र ज्योत फक्त दोरा सांगते, हात सांगत नाही. यंत्राची लेससुद्धा सुती असू शकते. त्यासाठी भिंग घ्या आणि उलट बाजू बघा. क्रोशात एका फासातून दुसरा फास काढलेला दिसतो, दोऱ्याची टोके कुठेतरी ओवून दडवलेली असतात, आणि दोन फुले अगदी तंतोतंत सारखी क्वचितच सापडतात. फूल अन्‌ फूल छापल्यासारखे असेल, तर भाव हातच्या लेसचा देऊ नका.

घरी आणलेली सुती लेस अभ्र्याला किंवा परकराला लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ती आटते आणि कापडाला चुण्या पडतात. रेयॉनची लेस ओली असताना पिळू नका. आणि सुती परकरावर नायलॉनची लेस असेल, तर इस्त्री नायलॉनच्या बेताने ठेवा. सुताच्या कडक इस्त्रीने सगळी कड तव्याला चिकटून येईल.