मंगळ, खोडद आणि मधला निरोप्या

१९ ऑक्टोबर २०१६. रात्रीचे साडेआठ वाजत आले होते. हार्बर मार्गावरची लोकल खांदेश्वरला थांबली, मी उतरलो आणि घरी न जाता फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो. युरोपीय अंतराळ संस्थेचे स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होते आणि त्याचा क्षीण स्वर पुणे जिल्ह्यातील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ऐकत होती. दुर्बीण कुठली, तर जुन्नर तालुक्यातल्या खोडदची! गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. कोट्यवधी किलोमीटरवरच्या घटनेचा साक्षीदार माळशेज घाटापलीकडे बसला आहे, या विचाराने मी हरखून गेलो होतो.

थोड्याच वेळात वृत्त आले : स्वर थांबला.

मित्रहो, आजचा धागा त्या थांबलेल्या स्वराविषयी आहे. पण त्यासाठी आधी आमच्या इमारतीच्या गच्चीवर यावे लागेल. तेथून कधीकधी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जाताना दिसते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचा तो तेजस्वी ठिपका पाच-सहा मिनिटांत क्षितिजाआड होतो. जमिनीवरच्या संपर्क केंद्राचीही हीच अडचण. यान डोक्यावरून जाते तेवढी मोजकी मिनिटे बोलायचे. पुढे ते दुसऱ्या केंद्राच्या टप्प्यात येईपर्यंत नुसती वाट पाहायची. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी ही पोकळी भरण्यासाठी महासागरांत जहाजे उभी केली, तरी ती पुरती भरली नाही.

उपाय निघाला तो उलट्या दिशेने. खालच्या यानाशी बोलण्यासाठी त्याच्याही वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, एक निरोप्या उपग्रह बसवायचा. पृथ्वीबरोबर फिरत असल्याने तो जमिनीवरून स्थिर भासतो आणि खालच्या कक्षेचा जवळजवळ अर्धा भाग त्याच्या नजरेत राहतो. यानाने त्याला सांगावे, त्याने जमिनीला. एप्रिल १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून नासाचा असा पहिला उपग्रह सुटला. वर ढकलणाऱ्या रॉकेटने दगा दिल्याने तो चुकीच्या कक्षेत अडकला. मग त्याच्याच इवल्या इंजिनांनी काही महिने रेटून त्याला जागेवर नेण्यात आले. दुसरा उपग्रह १९८६ मध्ये चॅलेंजरबरोबरच नष्ट झाला. (त्या अपघाताच्या कथनात हा प्रवासी सहसा विसरला जातो.)

मंगळावरही तीच युक्ती. उतरणाऱ्या यानाचा प्रक्षेपक दुबळा असतो. त्याचे बोलणे असते ते वरून जाणाऱ्या यानाशी, पृथ्वीशी नव्हे. स्कियापारेलीला घेऊन गेलेले मातृयान त्या घटकेला स्वतः मंगळाच्या कक्षेत शिरत होते आणि त्याच वेळी त्याचा संदेश नोंदवून ठेवत होते. खोडदच्या तबकड्या त्या दोघांचे बोलणे दुरून, पावणेदहा-दहा मिनिटांच्या विलंबाने ऐकत होत्या. स्वर आहे की नाही आणि त्याच्या वारंवारितेतील बदलावरून यानाचा वेग कसा पालटतो आहे, एवढेच त्यांना उमगत होते. शब्द कळत नव्हते. शब्द निरोप्याकडे होते.

हा भेद मला फार मोलाचा वाटतो. पानिपतचा घात नानासाहेब पेशव्यांना कळला तो एका सावकाराच्या जासुदाकडील सांकेतिक पत्रातून, हे आपण वाचलेले आहे. ते पत्र वाटेतच हरवले असते तर? मंगळावर तसे घडलेले आहे. २००३ च्या डिसेंबरात ब्रिटिशांचे बीगल-२ हे यान उतरले. उतरताना संदेश धाडण्याची सोयच त्यात नव्हती. त्याचे काय झाले, हे अकरा वर्षे कोणालाही ठाऊक नव्हते. २०१५ मध्ये छायाचित्रांत ते पृष्ठभागावर अखंड दिसले, पण त्याची काही पाती उघडलीच नसावीत असे आढळले.

स्कियापारेलीच्या बाबतीत नोंद हाती आली. अपेक्षित स्पर्शाच्या सुमारे ५० सेकंद आधी संदेश तुटला होता. तोवरचे सारे मातृयानाने जपले होते. हवाई छत्री उघडताना यान जोरात हेलकावले आणि गती मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या कमाल मर्यादेवर अडकले. त्यावरून संगणकाने हिशेब मांडला की आपण जमिनीच्याही खाली आहोत! त्याने छत्री सोडून दिली, अवरोधक इंजिने अवघी तीन सेकंद चालवून बंद केली, आणि जवळपास पावणेचार किलोमीटर उंचीवरून यान कोसळले. चूक इतकी नेमकी सापडली, म्हणून तर पुढच्या यानासाठी ती दुरुस्त करता येणार होती.

चांद्रयान-३ च्या वेळी आपल्या विक्रम अवतरकाने चांद्रयान-२ च्या परिभ्रमकाशी संपर्क जोडला, तेव्हा मला त्या रात्रीची आठवण झाली. गगनयानासाठी स्वतःचे निरोपे उपग्रह उभारण्याची इस्रोची योजनाही आहे.

त्या रात्री मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते. पनवेलला जाणारी पुढची लोकल आली आणि गेली. मी अर्धा तास मोबाइल पाहत बसलो, मग खांदेश्वर तलावाच्या बाजूने घरी गेलो. मातृयानाने राखलेली नोंद पृथ्वीवर उतरत होती, तेव्हा मी झोपेत होतो.