सेडान आपलीशी करताना

नवी गाडी घेऊन माणूस गॅरेजच्या दारात आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय काय बसवून घेऊ?" शोरूममधून त्याला ॲक्सेसरीजची एक यादी मिळालेली असते, मित्रांनी दुसरी दिलेली असते आणि पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांतून एक फेरी मारली की तिसरी तयार होते. मी त्याला तीन गोष्टी विचारतो. गाडी रोज कुठून कुठे जाणार? मागच्या सीटवर कोण बसणार? रात्रीचा प्रवास किती? या उत्तरांतून जे बदल निघतात तेच गाडीला मानवतात. दोन दशकांहून जास्त काळ सेडानचं काम करून माझं हे मत पक्कं झालं आहे आणि हायब्रिड गाड्या आल्यापासून ते आणखी घट्ट झालं आहे.

मिडसाइज सेडान हा आपल्याकडे आता मागे पडत चाललेला प्रकार. जानेवारी १९९८ मध्ये होंडा सिटी भारतात आली तेव्हा मध्यमवर्गातल्या यशस्वी माणसाची ती खूण होती. आज तोच माणूस उंच एसयूव्ही घेतो. मारुतीची सिआझ २०२५ मध्ये बंद झाली. उरल्या त्या सिटी, व्हर्ना आणि आपल्या चाकणला तयार होणाऱ्या व्हर्टस व स्लाव्हिया. तरीही जे सेडान घेतात ते विचार करून घेतात. गाडी जमिनीलगत असल्यामुळे वळणावर कमी झुकते, डिकी वेगळी असल्यामुळे मागच्या चाकांचा आवाज केबिनमध्ये कमी येतो आणि मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांना लांबच्या प्रवासात आराम मिळतो. असे मालक गाडी वर्षानुवर्षं सांभाळतात, म्हणून त्यांच्याशी बोलताना मी हात आखडता घेत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी टायरवर करा. गाडी रस्त्याला धरून असते ती तळहाताएवढ्या चार तुकड्यांनी, आणि भर पावसात खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक दाबला की बाकी सगळं त्यांच्यावर सोपवलेलं असतं. सिटीच्या वरच्या मॉडेलला १८५/५५ आर १६ हे माप येतं. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि १६ हा रिमचा व्यास इंचात. आता हिशोब करा. १८५ चे ५५ टक्के म्हणजे जवळपास १०२ मिलिमीटर, ते वर आणि खाली असे दोनदा, त्यात १६ इंचांचे ४०६ मिलिमीटर मिळवले की टायरचा एकूण व्यास ६१० च्या आसपास येतो. "फक्त दहाने रुंद करतोय" म्हणून कोणी १९५/५५ बसवला तर व्यास ६२१ होतो. पावणेदोन टक्क्यांहून जास्त वाढ. स्पीडोमीटर आणि ॲव्हरेजचा आकडा त्या प्रमाणात बदलतो, चाक पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता वाढते. २०५/५० घेतला तर व्यास ६११, म्हणजे मूळ मापाला जवळजवळ चिकटून. रुंदी वाढली, व्यास राहिला. दुकानदाराने कुठलंही माप सुचवलं तरी हा गुणाकार मोबाइलवर करून बघावा, आणि कंपनीच्या यादीत नसलेलं माप घेणार असाल तर विमा कंपनीला आधी कळवावं.

पण हायब्रिड सिटीच्या मालकाला मी याहून वेगळं सांगतो. माप बदलू नका, रबर चांगलं घ्या. रुंद टायर रस्त्यावर लोळताना जास्त ताकद खातो, आणि ज्या गाडीचे वरचे पैसे ॲव्हरेजसाठी मोजले तिचं ॲव्हरेजच तो गिळतो. शिवाय बॅटरी आणि मोटारींमुळे ही गाडी साध्या सिटीपेक्षा शंभरेक किलोंनी जड आहे, म्हणून टायरवरचा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. तिथे ८३ लिहिलेलं असेल तर तो टायर ४८७ किलो पेलतो. स्वस्तातला टायर निवडताना हा आकडा कोणी वाचत नाही, आणि घरचे पाच जण सामानासकट गावी निघाले की नेमका तोच कामाला येतो.

उंचीचंही तसंच. सेडानचं पोट गतिरोधकाला घासतं म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर घालायची पद्धत आहे. गाडी थोडी वर येते, हे खरं. पण स्प्रिंगचा तेवढा भाग काम करायचा थांबतो, बाकीच्या भागावर ताण येतो आणि खड्ड्यातला धक्का थेट मागच्या सीटवर पोचतो. ज्या गाड्यांत विंडस्क्रीनमागच्या कॅमेऱ्यावर लेन सांभाळणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चालते, तिथे गाडीचा पुढचा-मागचा तोल बदलला की कॅमेऱ्याची नजरही बदलते. काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. मग स्प्रिंगला हात लावल्यावर ते नको, असं कसं म्हणता येईल? बफरचे पैसे मी चांगल्या शॉक ॲब्सॉर्बरवर आणि वेळच्या वेळी अलाइनमेंट करण्यावर घालवायला सांगतो.

हायब्रिडच्या पोटात काय चालतं, हे समजल्याशिवाय तिच्यात बदल करू नये. सिटी ई:एचईव्ही २०२२ च्या मे महिन्यात आली. तिच्यात दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आणि दोन मोटारी आहेत. शहरात चाकं फिरवते ती मोठी मोटार. इंजिन चालू असतं तेव्हा बहुतेक वेळ ते दुसऱ्या मोटारीला फिरवून वीज तयार करत असतं. हायवेवर एका लयीत चालताना क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. नेहमीचा गिअरबॉक्स नाहीच. चाकांच्या मोटारीचा टॉर्क २५३ न्यूटन मीटर, व्हर्नाच्या दीड लिटर टर्बो इंजिनाएवढाच, आणि तो अगदी सुरुवातीपासून मिळतो. त्यामुळे "पिकअपसाठी रीमॅप करून द्या", म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून द्या, असं हायब्रिडवाला म्हणतो तेव्हा मी सरळ नाही म्हणतो. टर्बो गाडीत रीमॅपने ताकद वाढते, तिथे वॉरंटी आणि क्लच यांचा विचार करून ज्याने त्याने ठरवावं. हायब्रिडमध्ये इंजिन, मोटारी, बॅटरी आणि ब्रेक हे एकाच हिशोबाने चालतात. एकाचा आकडा बदलला की बाकी तिघांचं गणित चुकतं.

याच कारणामुळे, माझ्या मते, चालू गाडीला हायब्रिड करण्याचे प्रयत्न अवघड ठरले. पुण्यातच २०१० मध्ये केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज यांनी रेव्होलो नावाचं किट जाहीर केलं होतं: जुन्या गाडीच्या इंजिनाला मोटार जोडायची, डिकीत बॅटरी ठेवायची. कल्पना धाडसी होती आणि मला तिचा आजही अभिमान वाटतो. पण बाजारात ते रुळलं नाही. ब्रेक दाबल्यावर किती ताकद बॅटरीत परत घ्यायची आणि कितीसाठी डिस्क घासायची, हे ठरवणं गाडी कागदावर असतानाच सोपं असतं.

वायरिंगचा विषय मला सगळ्यात जवळचा, कारण बहुतेक नुकसान इथेच होतं. हायब्रिडमध्ये नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की हात मागे घ्यायचा. सिटीची मोठी बॅटरी १७२.८ व्होल्टची, टोयोटाच्या जुन्या कॅमरी हायब्रिडमध्ये २४४.८ व्होल्टची बॅटरी असून इन्व्हर्टर ते ६५० पर्यंत चढवतो. हे सगळ्यांना भीतीपोटी तरी कळतं. पण या गाड्यांत साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते, आणि दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टीम, गाडी जागी करणारे कॉम्प्युटर हे सगळं तिच्यावर. ही बॅटरी चार्ज करायला नेहमीचा अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीतली वीज एक कन्व्हर्टर खाली उतरवून तिला देतो. तिथे कोणी मोठा ॲम्प्लिफायर आणि रात्रभर चालणारा डॅशकॅम थेट जोडला की छोटी बॅटरी उतरते आणि मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. मूळ वायर कापून जोड देऊ नका, कपलरला कपलर लावा, स्वतंत्र फ्यूज घ्या, आणि डॅशकॅमला बॅटरी उतरू लागताच बंद होणारं किट लावा. परदेशातल्या मुलांकडे जाताना गाडी दोन-तीन महिने बंद ठेवणाऱ्या आजी-आजोबांनी शेजाऱ्याकडे चावी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास चालू करून ठेवायला सांगावं.

नुकसानीचं दुसरं ठिकाण मागच्या सीटजवळचं. अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी केबिनमधल्या हवेने थंड होते, आणि ती हवा मागच्या सीटच्या बाजूच्या किंवा खालच्या जाळीतून आत जाते. जाड लेदरचं सीट कव्हर, पायाखालचं सात थरांचं मॅटिंग, किंवा जाळीवर टेकवलेली गावाकडच्या तांदळाची पिशवी, यांतलं काहीही ती वाट बंद करतं. पंखा धूळ ओढत राहतो आणि बॅटरी तापत राहते. उष्णता हा बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू. सीट कव्हर शिवून घ्या, पण जाळीची जागा कापून मोकळी सोडायला लावा, आणि जाळीमागे गाळणी असेल तर दर सर्व्हिसला ती साफ झाली का, हे स्वतः बघा.

घाट उतरताना हायब्रिडचे नवे मालक घाबरतात, त्याचं कारण आधीच सांगून ठेवतो. उताराच्या सुरुवातीला गाडी ब्रेकची ताकद बॅटरीत साठवत जाते. पण ही बॅटरी लहान असते, इलेक्ट्रिक गाडीसारखी नाही, आणि घाट संपायच्या बऱ्याच आधी ती भरते. मग जादा वीज टाकायला जागा नसते म्हणून गाडी इंजिन नुसतं फिरवून ती खर्च करते, आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनाचा आवाज चढतो. बिघाड नाही, गाडी ब्रेक वाचवते आहे. उलट काळजी घ्यायची ती डिस्कची. रोजच्या वापरात मोटारच गाडी हळू करत असल्यामुळे ब्रेक पॅड कमी झिजतात, पण कोकणातल्या पावसाळ्यात न वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक दाबून त्या घासून घ्याव्यात.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि मोटार वाहन कायद्यातल्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. काचेतून समोर आणि मागे किमान ७० टक्के, बाजूंना किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. गाडीचा रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी घालून समोरच्याचे डोळे दिपवणं याला तर मी अपराधच मानतो.

हायब्रिड परवडते का? समजा शहरात हायब्रिड लिटरला २२ किलोमीटर आणि तीच पेट्रोल गाडी १४ देते, पेट्रोल १०५ रुपये. शंभर किलोमीटरमागे साधारण २७० रुपये वाचतात. किमतीतला फरक चार लाख धरला तर महिना हजार किलोमीटर चालवणाऱ्याला ते वसूल व्हायला बारा वर्षं लागतील, अडीच हजार चालवणाऱ्याला पाच. म्हणून नगर रोडच्या गर्दीतून रोज जाणाऱ्याला मी हायब्रिड सुचवतो, आणि फक्त शनिवार-रविवारी एक्सप्रेस वेवर जाणाऱ्याला साधी पेट्रोल. सिटीच्या हायब्रिड बॅटरीला कंपनीने ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी दिली होती. हिशोबात ती धरा.

वॉरंटी संपलेल्या हायब्रिड आता वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात दिसू लागल्या आहेत. २०१३ पासून बेंगळुरूजवळच्या बिडदीला जोडणी होऊ लागलेली कॅमरी हायब्रिड चांगल्या भावात मिळते आणि गाडी मजबूत आहे. तिच्या बॅटरीत ३४ मॉड्यूल असतात. एखादं कमजोर झालं की सगळी बॅटरी त्याच्या पातळीवर येते. घेण्याआधी स्कॅनर लावून, गाडी चढावर चालवून, प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे मॉड्यूलच्या गटाचा, व्होल्टेज बघावा. एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा झपाट्याने पडत असेल तर किंमत त्या हिशोबाने पाडून मागावी. एकच मॉड्यूल बदलून देणारे स्वस्त पडतात, पण बाकीची ३३ त्याच वयाची असतात. मी पूर्ण बॅटरी बदलायचा सल्ला देतो किंवा गाडी सोडायला सांगतो.

हे काम करायला गावोगावी हात हवेत. हजार व्होल्टच्या रबरी हातमोज्यांत हवा भरून भोक तपासायचं, ते घालून मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटर रिकामे व्हायला किमान दहा मिनिटं थांबायचं, मगच नारिंगी केबलला हात लावायचा: एवढं शिकलेला मिस्त्री सातारला, लातूरला, चिपळूणला असेल तरच तिथला माणूस निर्धास्तपणे हायब्रिड घेईल. कंपन्यांची दुरुस्तीची पुस्तकं इंग्रजीत आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरती आहेत. म्हणून माझ्या गॅरेजमधल्या मुलांसाठी मी ही माहिती मराठीत, चित्रांसह लिहून काढतो आहे. ज्याला शिकायचं असेल त्याने यावं, दिवसभर सोबत काम करावं आणि ती वही उतरवून न्यावी.