मूग, स्क्यू आणि आउट पास

आमच्या बरॅकमध्ये 'डेट' या शब्दाचा एकच अर्थ आहे. सुट्टीची डेट, कोर्सची डेट, पोस्टिंगची डेट. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात मी संध्याकाळचा आउट पास मागितला आणि कशासाठी ते चुकून खरं सांगून बसलो, तेव्हा बातमी लंगरपर्यंत पोहोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. लंगर कमांडर गढवालचे. त्यांनी मला बोलावून विचारलं, "खिलाएगा क्या?"

मी म्हटलं, मुगाची खिचडी, पालकाची ताकातली पातळ भाजी आणि आमसुलाचं सार. ते हसले नाहीत. म्हणाले, "ठीक है. हल्का है. लेकिन मूंग रात को ही भिगो देना. यहाँ पानी धोखा देता है."

हे मी ऐकलं आणि विसरलो.

आधी ती इथं कशी आली ते सांगतो. फेब्रुवारीत मी सुट्टीवर साताऱ्याला असताना कांदेपोहे झाले. घरच्यांचं जमल्यासारखं होतं, आमचं दोघांचं 'बघू' असं ठरलं. ती शाळेत शिकवते. चार महिने फोनवर बोलणं झालं, तेही नेटवर्कच्या मर्जीनं. मग उन्हाळी सुट्टीत दोन मैत्रिणींबरोबर तिनं लेहची सहल ठरवली. मला भेटायला येतेय असं ती म्हणाली नाही. लडाख बघायचंय म्हणाली. मीही जास्त खोलात गेलो नाही.

दिल्लीहून सकाळच्या विमानानं आलं की माणूस तासा-दीड तासात साडेतीन हजार मीटरवर उतरतो. आम्हा फौजींना इथं आल्यावर सहा दिवस हवामानाशी जुळवून घ्यायला देतात, त्यातले पहिले दोन दिवस नुसता आराम. पर्यटकांना तसा हुकूम देणारं कोणी नसतं. उतरल्याबरोबर तिचा मेसेज आला, "शांती स्तूप समोरच दिसतोय, दुपारी चढून येतो." त्याला पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. मी लगेच फोन केला आणि, आता आठवून लाज वाटते, पण अगदी हवालदाराच्या आवाजात म्हणालो, "आज कुठंही जायचं नाही. पाणी प्या आणि पडून राहा." पलीकडे शांतता. मग, "बरं," एवढंच.

दुसऱ्या दिवशी कळलं की तिघींचं डोकं दुखतंय आणि जेवणाकडे बघवत नाही. इथं पहिल्या दिवसांत भूक मरते, पोट फुगतं. तेलकट, तुपकट नको होतं आणि ते बरोबरच आहे, कारण चरबी जाळायला शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तोच इथं कमी. म्हणून हलकं जेवण. वजनबिजन कमी करायचा काही प्रश्न नव्हता. तिला बाहेरच्या हॉटेलातलं लाल तर्रीचं जेवण नको, आपणच काहीतरी करून घालू, असं मी ठरवलं. आणि दुसरंही एक होतं. तिला एक गोष्ट सांगायची होती आणि ती हॉटेलात बसून सांगता आली नसती.

ऑगस्टमध्ये मी वर जाणार होतो. 'वर' म्हणजे कुठं ते लिहिता येत नाही. पण तिथं हिवाळा काढायचा होता आणि फोन लागेलच याची खात्री नव्हती. घरी माहीत होतं. आई म्हणाली होती, आत्ताच पोरीला कशाला घाबरवतोस, लग्न ठरू दे. माझे वडीलही फौजेत होते. आईनं कित्येक दिवाळ्या एकटीनं काढल्या, हे मी पाहिलंय. लग्न ठरताना तिलाही कोणी काही सांगितलं नव्हतं.

ती राहात होती ते होमस्टे चांगस्पामध्ये. मालकीणबाई साठीच्या. इथं आईला आमा म्हणतात आणि मान द्यायला पुढं 'ले' लावतात, म्हणून सगळेच त्यांना आमा-ले म्हणायचे. मी "जुले" केलं आणि स्वयंपाकघर दोन तास वापरू का, विचारलं. त्यांनी माझ्याकडे, मग हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फौजी खाना बनाएगा? अच्छा, देखते हैं."

लडाखी घरात स्वयंपाकघर हीच बैठकीची खोली. भिंतभर फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी, मधे नक्षीची लोखंडी चूल, कडेनं गालिचे आणि बुटकी लाकडी टेबलं. कोपऱ्यात गॅसची शेगडी. म्हणजे मी जे काही करणार ते आमा-लेंच्या समोर, आणि थोड्या वेळानं तिच्याही.

सामान सगळं बाजारातलं. लंगरातून मूठभरही आणलं नव्हतं, ते चालत नाही. पालक मुख्य बाजारात फूटपाथवर बसणाऱ्या बायकांकडून घेतला, टोमॅटो खालून ट्रकनं आलेले, तेवढेच महाग. आमसुलं आईनं दिलेली, ट्रंकेत सहा महिने पडून होती. मूग हिरवे, अख्खे. डाळ घेतली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. पण अख्खे मूग जास्त पौष्टिक, असं तिनंच कधीतरी फोनवर म्हटलं होतं आणि मला ते लक्षात आहे हे दाखवायचं होतं.

मूग जेमतेम तासभर भिजलेले. तांदूळ घालून कुकर लावला, तीन शिट्ट्या केल्या. घरी आई तीनच करते. उघडला तर तांदळाची पेज झालेली आणि मूग छर्ऱ्यासारखे. पुन्हा लावला, आणखी तीन. चावून पाहिला एक, दाढेखाली कट्ट वाजला.

कारण मला माहीत होतं, हेच वाईट. लेहच्या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. खळखळ तीच, ऊन मात्र कमी. कुकरची शिटी बाहेरच्या हवेच्या दाबावर ठरावीक दाब वाढवते, पण बाहेरचाच दाब कमी, म्हणून आतही घरच्यापेक्षा काही अंश कमीच भरतात. नव्या आलेल्या पोरांना मी हे स्वतः समजावून सांगतो. पाणी धोखा देता है.

साडेसहा वाजून गेले होते. पास नऊपर्यंत.

आमा-ले एवढा वेळ माळ फिरवत बसल्या होत्या. त्या उठल्या, काही न बोलता परातीत कणीक घेतली आणि मळायला लागल्या. मला म्हणाल्या, "कुकर रहने दो गैस पर. पालक इधर दो." तेवढ्यात ती जिना उतरून आली. शाल गुंडाळलेली, चेहरा उतरलेला. आमा-ले कणकेचा लहानसा गोळा घेऊन अंगठ्यानं दाबत होत्या, वाटीसारखा खळगा पडला की ताटात टाकत होत्या. ती थोडा वेळ बघत राहिली.

"अहो, ह्या तर चकोल्या!"

आमच्याकडे वरणात कणकेच्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडतात, तेच. इथं त्याला स्क्यू म्हणतात. वरणाऐवजी बटाटा, गाजर, सलगम, जे असेल त्याचा रस्सा. तुकडे लहान, मध्ये खळगा, त्यामुळे 88 अंशांतही आतपर्यंत शिजतात. इथल्या लोकांनी पाण्याशी भांडण कधी केलंच नाही.

तिनं हात धुतले आणि बसली. मीही बसलो. तिघं मिळून अंगठे दाबू लागलो. माझे जाड होत होते, आमा-ले ते मोडून परत करत होत्या.

आणि तिथंच मी सांगितलं. जेवणानंतर सांगायचं ठरलं होतं, पण हात कामात होते आणि एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं. ऑगस्ट, वर, हिवाळा, फोन. हेही सांगितलं की घरचे नको म्हणत होते.

ती थांबली नाही. चार-पाच तुकडे दाबून झाल्यावर म्हणाली, "पत्र पोहोचतं?"

"पोहोचतं. कधी कधी महिन्यानं."

"मी नोकरी सोडणार नाही. तुमच्या आईंबरोबर राहीनच असंही नाही."

"नका राहू."

"काल फोनवर ओरडलात, ते आवडलं नव्हतं."

"हो."

"पण डोकं खरंच दुखत होतं," असं म्हणून ती हसली, आणि हसताना धाप लागली म्हणून थांबली.

चौथ्यांदा उघडल्यावर मूग मऊ झालेले होते. तांदूळ आता दिसतच नव्हते. तिनं विचारलं, हे यातच ओतू या का? आमा-लेंनी चव बघितली, खांदे उडवले आणि आख्खा कुकर स्क्यूमध्ये रिकामा केला. वरून पालक. तेल चमचाभरही नाही. आमसुलाचं सार तेवढं माझं म्हणून राहिलं आणि ते आमा-लेंनी दोनदा घेतलं. वर झोपलेल्या मैत्रिणींना वाटीभर पाठवलं, वाट्या रिकाम्या परत आल्या. तिनं दीड वाटी खाल्ली, दोन दिवसांतलं पहिलं धड जेवण.

लग्नाबद्दल ती काही बोलली नाही, मी विचारलं नाही.

साडेआठला निघालो. दाराशी बूट घालत होतो तर ती मागं येऊन उभी राहिली. "पुढच्या वेळी मूग रात्रीच भिजत घाल," म्हणाली.

रस्ताभर मी वेळेत पोहोचायच्या घाईत होतो. गेटवर रजिस्टरमध्ये आठ पन्नासची सही करताना लक्षात आलं, 'घाल' म्हणाली होती. 'घाला' नाही.