एका पूर्वजाच्या दोन कथा

पूर्वजांचा शोध घेणारा सहसा त्यांच्या कौतुकापाशी येऊन थांबतो. ऑस्ट्रेलियन कवयित्री ज्युडिथ राइट (१९१५-२०००) तिथे थांबल्या नाहीत. त्यांची दोन गद्य पुस्तके आम्ही अलीकडे लागोपाठ वाचली आणि हा फरक प्रकर्षाने जाणवला.

राइट यांचे पूर्वज जॉर्ज विंडहॅम १८२७ साली इंग्लंड सोडून सहकुटुंब न्यू साउथ वेल्समध्ये आले. हंटर नदीच्या खोऱ्यात त्यांनी डालवुड येथे जमीन घेतली, द्राक्षमळे लावले. पुढच्या पिढ्या गुरांसाठी नवी कुरणे शोधत उत्तरेला क्वीन्सलंडपर्यंत सरकत गेल्या. 'द जनरेशन्स ऑफ मेन' (१९५९) मध्ये राइट यांनी ही हकिकत सांगितली. तिच्या केंद्रस्थानी आहेत आजोबा आल्बर्ट आणि आजी मे. दुष्काळ, कर्जे, १८९० मध्ये आजोबांचा मृत्यू आणि त्यानंतर आजीने सावरलेला कारभार हे सारे मायेने लिहिलेले आहे. मूळ रहिवासी त्यातही दिसतात. पण कथा त्यांची नाही.

मधल्या काळात कॅथ वॉकर (पुढे ऊजरू नूनुकल) या आदिवासी कवयित्रीशी राइट यांची मैत्री जडली. १९७९ मध्ये मूळ रहिवाशांशी तह करावा अशी मागणी करणाऱ्या समितीच्या संस्थापकांत त्या होत्या. 'द क्राय फॉर द डेड' (१९८१) मध्ये त्या पुन्हा आजोबांच्या रोजनिशांकडे वळल्या, तेव्हा त्यांचा प्रश्नच बदलला होता. ही कुरणे ज्यांची होती, त्या वाड्जा आणि इतर लोकांचे काय झाले? ही भूमी पूर्वी कोणाच्याच मालकीची नव्हती, हे गृहीतक ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने माबो खटल्यात फेटाळले, ते १९९२ मध्ये. राइट यांच्या पुस्तकानंतर ११ वर्षांनी.

आम्हांला मोलाचे वाटते ते हे, की दुसऱ्या पुस्तकाने पहिले खोटे ठरत नाही. आजीचे कष्ट खरेच होते. ते ज्या जमिनीवर झाले, ती बळकावलेली होती हेही खरे. दोन्ही सत्ये एकाच नातीने, एकाच हाताने लिहिली.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापील आहे. त्यात जमिनींचे उल्लेख आहेत, परंतु त्या कसणाऱ्या कुळांपैकी एकाचेही नाव नाही. नव्या आवृत्तीत ती नावे यावीत, असे आम्ही भाऊबंदांना सुचवले आहे. अद्याप कोणाचा होकार आलेला नाही. जुने फेरफार उतारे मात्र आम्ही मिळवू लागलो आहोत.